ओठाशेजारची जागा

माझ्या थोरल्या बहिणीच्या ओठाशेजारी कोड होतं. एवढं साधं वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही. ज्यांनी ते कोड रोज पाहिलं होतं ती माणसं एकेक करून गेली. आता घरात ते ठाऊक असलेला मी एकटा उरलोय, आणि ते नाहीसं करणाराही मीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. दिघाशी गावाहून मी भिवंडीत आलो तो खरं म्हणजे कापडाच्या लूमवर लागायला. गावातली पोरं जात होती, मीही गेलो. पण चित्रं बरी काढतो हे कुणीतरी बोललं आणि बाजारातल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाने मला रिटचिंगला ठेवून घेतलं. मालक उत्तरेकडचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मागून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या भरून काढायच्या, हे माझं काम. शिवाय गेलेल्या माणसांचं काम. गावाकडून लोक लग्नातला एखादा ग्रुप फोटो घेऊन यायचे, मागच्या रांगेतल्या धुरकट डोक्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यो आमचा बापूस. एवढाच हाय. ह्याला मोठा करा, नि टोपी काढून फेटा घाला."

मी फेटा घालायचो. मिटलेले डोळे उघडायचो. जन्मात कधी शेजारी न बसलेल्या नवरा-बायकोला एका बाकावर बसवायचो. वरून तैलरंगाचा हलका हात फिरवला की लोक फोटो छातीशी धरून घेऊन जायचे.

स्टुडिओच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. ते चालू असले की मेजसुद्धा थरथरायचं. म्हणून नाजूक काम शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद, उस्ताद नमाजला गेलेले, आणि गल्लीत अशी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. त्या शांततेत कधी कधी एक गोष्ट घडायची. एखाद्या अनोळखी म्हातारीच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका ठेवताना मी उरायचो नाही. कुणाचा मुलगा, कुठला, किती शिकलेला, काही नाही. देवळात हात जोडून मला हे कधी लाभलं नव्हतं. मनात म्हणायचो, आपल्याला जे मिळायचं ते ह्या मेजावरच मिळेल. पुढच्या शुक्रवारची वाट पाहण्यात माझा आठवडा जायचा.

बहिणीला मी बाय म्हणायचो. तिचं कोड लहानपणी आलेलं, ओठाच्या कडेला, चिंचेच्या पानाएवढं, मग हळूहळू वाढत गेलेलं. आई रोज सकाळी बावचीचं तेल चोळून तिला अंगणात उन्हात बसवायची. दोन ठिकाणचे पाहुणे बघून गेले, परत आले नाहीत. त्यानंतर कुणी यायचंच थांबलं. बायला सवय लागली, बोलताना पदराचं टोक ओठावर धरायची. भाकरी थापणं सोडलं तर तिची सगळी कामं एका हाताने व्हायची.

एकदा भात झोडून झालं त्या सुमारास मी उस्तादांचा कॅमेरा मागून गावी घेऊन गेलो. बाय खळ्यावर पेंढा रचत होती.

"बाय, हिकडं बघ. पदर खाली कर."

"कशाला? काच फुटंल तुझी."

"फुटू दे. उस्तादाची हाय."

ती हसली आणि तिने पदर सोडला. कुणाहीपुढे सोडायची नाही. मी काढतोय म्हणून सोडला. वर मला दटावलं, "ए फोटूवाल्या, त्या मेलेल्या बायांना रंगवून गोरं करतोस ना, तसं मला करू नको हां. मी अजून जिती हाय."

तिचा तेवढाच फोटो. पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी गावठी पाला, मग कुणीतरी मंत्र टाकणारा, आणि भिवंडीला आणली तेव्हा फार उशीर झाला होता. बाय गेली.

आई-वडिलांना मी भिवंडीत भाड्याच्या खोलीत आणलं. गावच्या घरात आईला राहवेना. ती एकच धोशा लावायची, "माझ्या पोरीचा फोटू मोठा कर. भितीला लाव." मी आज-उद्या करत राहिलो. निगेटिव्ह माझ्या पाकिटात होती, पण हात धजत नव्हता. ते दुःखामुळे, असं सगळे समजायचे. मीही समजायचो.

तेवढ्यात माझ्या लग्नाचं निघालं. मुलगी पेणकडची. मी तिला एका नातेवाइकाच्या हळदीत पाहिलेलं, आणि त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्याकडची माणसं घर बघायला येणार असं ठरलं. मामा आदल्या आठवड्यात आले, चहा बशीत ओतत आईला म्हणाले, "आक्का, फोटूचं एवढ्यात काढू नको. पाव्हणे घरात शिरले की आधी भितीकडं बघतात. एवढंसं कोड दिसलं तरी उठले म्हणून समज. रक्तात हाय म्हणतील."

आई म्हणाली, "मेली तरी लपवायची का तिला?"

"लपवायची कोण म्हणतंय? लगीन झालं की लाव ना."

"न्हाय. पाव्हण्यांच्या आधी माझी पोरगी भितीला पायजे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लावतो आई." त्या क्षणी दोघांचंही समाधान होईल असं मला सुचलं होतं, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. चेहऱ्यावरचे काळे डाग काढायचे तर निगेटिव्हवर पेन्सिलीने भर घालायची. चुकलं तर पुसता येतं, काही बिघडत नाही. पण पांढरा डाग काढायचा असेल तर भर घालून भागत नाही. निगेटिव्हमध्ये तो काळा, दाट असतो. तो बारीक चाकूने खरवडावा लागतो, फिल्मचा थर पातळ करत, केसाएवढा, परत केसाएवढा. आणि खरवडलेलं काही केल्या भरून येत नाही. उस्तादांनी पहिल्याच महिन्यात बजावलेलं, चाकू लावायचा असेल तर आधी निगेटिव्हची दुसरी प्रत काढून त्या प्रतीवर काम कर. मूळ निगेटिव्हला हात लावायचा नाही.

मी प्रत काढली नाही. विसरलो नव्हतो. कुठेही शिल्लक नको होतं.

शुक्रवार होता. लूम बंद. मी बायला काचेवर ठेवलं आणि ओठाशेजारची ती काळी जागा खरवडायला घेतली. हात लोण्यासारखा चालत होता. कोडाची कड आधी, मग आतला भाग, मग गालाच्या सावलीशी जुळवून घेणं. आणि मला जे सगळ्यांत जड जातं ते हे. मी मुलगी मिळावी म्हणून खरवडायला बसलो होतो, पण थोड्या वेळाने तीही डोक्यातून गेली. मीही गेलो. ज्याची आठवडाभर वाट पाहायचो ते त्या दुपारी आलं, आणि पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं भरून आलं. वाटलं, मी हिला मोकळं करतोय. देहाचा जाच संपला, आता उरला तो निव्वळ चेहरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचं होतं. बहिणीला पुसून टाकतानाची ती दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दुपार होती. हे लिहिताना माझाच हात अडतोय, पण ते तसंच होतं.

उस्ताद परत आले, निगेटिव्ह उजेडापुढे धरून बघत राहिले. "कौन है?"

"बहन."

"वो जो गुजर गई?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अल्लाह जन्नत दे. काम बहुत साफ है बेटा. पता ही नहीं चलता कि यहाँ कुछ था."

मोठी प्रत काढून मी ती रंगवली आणि भिंतीला लावली. आई समोर उभी राहिली. मग पुढे होऊन काचेवर ओठाशेजारी बोट फिरवलं, रोज तेल चोळायची त्याच जागी. तिने शेजारणीला हाक मारली, "ये ग, बघ. तिकडं गेली नि बरी झाली माझी पोर." मरेपर्यंत आई हेच धरून राहिली. रोज उदबत्ती लावताना त्या जागेवर बोट टेकवायची आणि आपल्याशीच हसायची. ती हसायची म्हणून मी स्वतःला माफही करत आलो. वडील मात्र त्या दिवसानंतर फोटोकडे पाठ करूनच जेवायला बसायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाहुणे आले. मुलीच्या आत्याने भिंतीकडे पाहिलं. "ही थोरली का? कशानं गेली?"

"काविळीनं," मामा म्हणाले.

"चांगली देखणी होती हो."

लग्न ठरलं. गावची माणसं लग्नाला आली, जेवली, गेली. गेलेल्या कुवार पोरीचं वैगुण्य चारचौघांत काढायचं नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे माझं गुपित फारसं सांभाळावंही लागलं नाही. बायको घरात आली आणि फोटोतल्या नणंदेला रोज फूल वाहू लागली.

त्या लग्नानंतर शुक्रवार येत राहिले, पण ते स्वतःला विसरणं पुन्हा आलं नाही. पुढे मी स्वतःचा स्टुडिओ काढला, घरी कॅनव्हास आणून चित्रं केली, एक-दोन बक्षिसंही मिळाली. हात चालायचा. मी मात्र सगळा वेळ तिथेच असायचो, स्वतःकडे बघत.

मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली आणि तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका आला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? बायकोने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे कुणाला होतं का हो?"

मी म्हणालो, "नाही."

इतकं पटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. मग ती घरी आल्यावर बोटं मोजत आपल्या माहेरची माणसं आठवू लागली. "आमच्याकडचंच असणार. आजीच्या बहिणीला काहीतरी होतं म्हणतात." तिने ते स्वतःच्या माथी घेतलं. मुलीला तेल लावताना कितीदा तरी म्हणाली असेल, "माझ्यामुळे ग." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचो. आणि मुलगी भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली होती, "आत्यासारखी स्किन मिळाली असती तर." ओढणीचं टोक ती आता ओठावर धरते.

मी बायचं कोड परत आणायचा प्रयत्न केला. फोटोची प्रत काढून ओठाशेजारी पांढरा रंग लावून पाहिला. जमेना. प्रश्न रंगाचा नव्हता. मला बाजूच आठवेना. निगेटिव्ह केव्हाच हरवली होती, आणि आईचं बोट कुठल्या बाजूला टेकायचं तेही डोळ्यांपुढे येईना. खरवडायचं काम फिल्मच्या उलट्या अंगाने करावं लागतं, त्या बाजूने चेहरा आरशातल्यासारखा पालटलेला दिसतो, आणि मनात तो इतक्यांदा उलटासुलटा केला की खरी बाजू कुठली ते कळेनासं झालं. ती दुपार मला इतकी लख्ख आठवते की तिच्याखाली माझी खरी बहीण दबून गेली आहे. डोळे मिटले की मला काचेवरचं काळं कोड दिसतं. खळ्यावरचं दिसत नाही. डावीकडे होतं की उजवीकडे, कुणाला विचारू? आई नाही, वडील नाहीत, मामा नाहीत, आणि गावात गेलेल्या पोरीचं वैगुण्य काढायची रीत नाही. डावीकडे काढून बघतो, ती अनोळखी वाटते. उजवीकडे काढतो, तीही वाटते.

बायको आणि मुलगी दोघी ह्या क्षणी बाहेरच्या खोलीत आहेत. त्यांच्याआधी हे मी कागदाला सांगतोय. माणसांना टाळून कागदापाशी बसायची ही माझी जुनीच सवय. डॉक्टरांसमोर म्हटलेलं "नाही" मला बायकोपुढे मागे घ्यायचं आहे. आणि ओठाशेजारी कोड असलेली एक आत्या मी माझ्या मुलीला देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.