अध्यक्षांची लाल त्रिकोणाची बाटली

मिरजगावात हायवेला लागून बिभीषणचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, आणि बिभीषण गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष आहे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि जिभेवर सदा दुसऱ्याची उणीदुणी. मागच्या ग्रामसभेत त्यानं म्हाताऱ्या सहादेवला भर चावडीवर कान धरून उभं केलं. सहादेव पितो, पण उघड पितो, आणि प्यायल्यावर फार तर आपल्या बैलांशी गप्पा मारतो. एवढाच त्याचा गुन्हा.

अध्यक्षसाहेबांचं पिणं मात्र सोवळ्यातलं! दुकानाच्या मागच्या फळीवर एक बाटली असते, शोकेसमध्ये मांडायला कंपनीनं दिलेली कोरी. तिच्यावर कवटी आणि लाल त्रिकोण, म्हणजे जहाल विषाची खूण. तिच्यात साहेब वाईन भरून ठेवतात. विषाच्या बाटलीचं बूच काढून वास कोण घेतंय? सात वर्षं कुणी घेतला नाही. दुकान झाडणाऱ्या राजेश्वरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. पण तिला विचारतो कोण?

खरं तर दुकान चालवते तीच. कुठल्या किडीला काय मारायचं हे शेतकरी तिला विचारतात. हा गल्ल्यावर बसून उपदेश झोडतो. यंदा कंपनीची स्कीम तिनंच पुरी केली, डाळिंबाच्या औषधाच्या पेट्या खपवून. बक्षीस होतं मुंबईहून जोडप्यानं जहाजाची सफर. माहेर घोडेगाव, सासर मिरजगाव, लांबात लांब शिर्डी. बेचाळीस वर्षांत बाईनं समुद्र पाहिला नव्हता. तिला एकदाच, जिकडं बघावं तिकडं पाणी असेल अशा जागी उभं राहायचं होतं. टँकरची वाट बघत वाढलेल्या बाईची हाव ती. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा.

कंपनीचा कागद तिनं त्याला वाचून दाखवला. "हितं लिवलंय बघा, खोलीमागं वाईनची एक सीलबंद बाटली चालती. फक्त जहाजावर चढताना दारात दाखवायची."

"दाखवायची?" अध्यक्षांचा हात माळेवर गेला. "अगं, जिल्ह्यातले तीस दुकानदार रांगंत असनार. माजी काय अब्रू ऱ्हाईल?"

"मग नका नेऊ. चार दिस कोरडे ऱ्हावा."

तो माळेचे मणी मोजायला लागला. बिभीषण मणी मोजायला लागला की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय, आणि ते नासणारच आहे.

मुंबईच्या बंदरावर सामान यंत्रातून जायला लागलं. बिभीषणच्या खांद्यावरची पिशवी तिथंच अडकली. अधिकाऱ्यानं हात घालून बाटली वर काढली, आणि कवटी बघून दोन पावलं मागं सरला. सगळी रांग थांबली. अहो, मिरजगावात ज्या बाटलीला कुणी हात लावत नाही, तिला बंदरावर सोडतील होय? पण एवढी अक्कल असती तर तो अध्यक्ष कशाला झाला असता!

घोडेगावचा आबासाहेब, दुकानदारच तो, मागून बिभीषणला हाक मारून ओरडला, "अन्ना, ही तर शोकेसची बाटली! भरली कशानं?"

अधिकाऱ्यानं हातमोजे घालून बूच सैल केलं. "वास तर वाईनचा येतोय. वाईन असेल तर तसं सांगा. ती इथंच ओतू, तुम्ही सही करा आणि जहाजावर जा. पण हे विष असेल, तर मला पोलीस बोलवावे लागतील."

किती सोपं होतं! एक शब्द. सहादेवनं तो हसत हसत सांगितला असता.

बिभीषणनं मागं वळून तीस तोंडं पाहिली. "औषध हाय," तो म्हणाला. "फवारनीचं. हिच्या हातनं चुकून पिशवीत पडलं."

हिच्या हातनं! शरम म्हणून काही चीज असते की नाही?

राजेश्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिनं आवाज चढवला नाही. "साहेब, त्या पिशवीत माजी एक तरी साडी हाय का बघा."

पिशवीत सदरे होते, बनियन होते, बुक्क्याची डबी होती. अधिकाऱ्यानं तिचं जहाजावर चढायचं कार्ड तिला परत दिलं आणि बिभीषणला बाजूच्या बाकावर बसवलं.

"चल गं, घरी जाऊ," तो पुटपुटला.

"मी कशाला येऊ? तुमी अध्यक्ष. तुमी विष म्हनताय तर विषच असंल. मी कशी तुमाला खोटं पाडू?"

एवढं बोलून ती जहाजाचा जिना चढून गेली. वळून तिनं पाहिलं नाही.

ती वरच्या कठड्यापाशी पोचली तोच मोबाईल वाजला. "अगं, पोलीस आलेत! तूच सांग यांना वाईन हाय म्हनून. हळू बोल मातर, आबासाहेब तितंच असंल."

आबासाहेब खरंच शेजारी उभा होता.

"तोंड तुमचं हाय," राजेश्वरी चांगली मोठ्यानं म्हणाली. "सात वर्सं प्यायला वापरलं, आता सांगायला वापरा."

तिनं मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला.

"काय म्हनत्यात अन्ना?" आबासाहेबानं विचारलं.

"काय न्हाई. औषधच हाय म्हनत्यात."

भोंगा वाजला आणि धक्का हळूहळू मागं सरकायला लागला. बाक, पोलीस, बाकावरचा तो, सगळं बारीक होत गेलं. अजून एका बाजूला जमीन दिसत होती. राजेश्वरीनं खुर्ची दुसऱ्या बाजूला ओढली आणि पाण्याकडं तोंड करून बसली.