कुकरमध्ये उकडलेला नवा जिवाणू

जगाला अजून ठाऊक नसलेला एक जिवाणू मी प्रेशर कुकरमध्ये शिजवून मारला.

बोईसरच्या आमच्या कॉलेजात जिवाणू वाढवलेल्या टाकाऊ काचनळ्या धुण्याआधी कुकरमध्ये उकडायची पद्धत होती. त्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडम येणार म्हणून मी सगळ्या नळ्या स्पिरिटने पुसल्या. काच लख्ख झाली, काचेवरची माझी अक्षरंही गेली. बिननावाची नळी टाकाऊ समजायची, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला. नियमाला जागून तीन शिट्ट्या काढल्या. एक जोडी दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेव, असं मॅडम सांगून थकल्या होत्या. पण मी सगळ्या नळ्या एकाच स्टँडमध्ये ठेवल्या होत्या, एकटं वाटू नये म्हणून.

हा जिवाणू मासवणच्या एका मावशींच्या शेतात, नाचणीच्या रोपांच्या मुळांशी सापडलेला. नोंदलेल्या कुठल्याच जिवाणूशी त्याची जनुकं पुरेशी जुळत नव्हती. माझी पीएचडी त्याच्यावर उभी होती. गावावरून नाव ठरलं होतं, स्टाफरूममध्ये पेढेही वाटून झाले होते. मॅडमनी कुकरकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं की नवी जात मान्य व्हायला तिचे जिवंत नमुने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात. उकडलेले कुणी घेत नाही.

उरलेली माती मी तुळशीच्या कुंडीत ओतून बसलो होतो. त्यामुळे परत मासवण गाठलं. एप्रिल महिना. जिथून माती उचलली होती, नेमका त्याच तुकड्यातून धूर निघत होता. पेरणीआधी शेण, पालापाचोळा पसरून रोपांची जागा भाजतात, तो राब. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी पालघरचाच. सुचलं नाही, इतकंच.

मावशींनी काठीने राख सारखी करत सगळी हकिगत ऐकली, कुकरसकट. दोष जरा वाटला जावा म्हणून मी म्हणालो, "म्हणजे मावशी, उरलेसुरले तुम्ही भाजलेत."

"राब आमी दर वर्साला भाजतो, मास्तर," त्या म्हणाल्या. "तरी तुमाला घावला ना तो? मंग आगीनं नाय मेला. तुमीच मारला."