राज्यशास्त्राला बसलेलं माझं माहेर

राज्यशास्त्राचा वर्ग भरलेला दिसावा म्हणून मी एकदा अख्खं माहेर टेम्पोत घालून कॉलेजात आणलं होतं. (माहेर राहू गावचं, कॉलेज शिरूरचं आणि टेम्पो कांद्याचा.)

त्याचं असं झालं. लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. नवरा शिक्रापूरला कंपनीत. अंधारात जायचा, अंधारात यायचा. घरात उरायचो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. भांडण नव्हतं हो! भांडायला आधी बोलावं लागतं. "मीठ कुठाय?" "फळीवर." एवढ्यावर आमचा दिवस निघायचा.

म्हणून मी कॉलेजला पळायची. तर तिथं राज्यशास्त्र स्पेशलला मी एकटी! आमचे सर दौंडहून, चौफुल्याला एसटी बदलून, धुळीनं भुरे होऊन यायचे. माझं एकटीचं नाव पुकारायचे आणि "हजर" कोण म्हणतंय ते मान वर करून शोधायचे. मग रिकाम्या बाकांवरून नजर फिरवत सुरू, "विद्यार्थी मित्रहो..."

भिंतीपलीकडं फिजिक्सच्या लॅबमध्ये तोच प्रकार. तिथं माझी मैत्रीण शबाना एकटी. लोलकाच्या प्रयोगाला एकानं गोळा झुलवायचा, दुसऱ्यानं घड्याळ दाबायचं. आता दुसरं आणायचं कुठून? मग घड्याळ दाबायला मी जायची. बदल्यात आमच्या वर्गात संसदेचं नाटक असलं की ती येऊन विरोधी पक्ष व्हायची. असली कडाडायची, की माझं सरकार तास संपायच्या आत पडायचं!

एक दिवस सर म्हणाले, "सोमवारी विद्यापीठाची समिती येतेय. बाकं रिकामी दिसली तर दोन्ही विषय बंद."

राज्यशास्त्र गेलं तर जाऊ दे, पण मग दिवसभर मी आणि ती मिठाची फळी!

मी शहाणीनं राहूला भावाला निरोप धाडला, "दादा, सोमवारी माणसं घेऊन ये. नुसतं बसायचंय." दादाला वाटलं कुणाची तरी सभा असणार. तो सवयीनं टेम्पो गच्च भरूनच आला. पण व्याह्यांच्या दारावरून चहा न घेता पुढं जायचं कसं? सगळे आधी घरी उतरले आणि निघताना माझी आई म्हणाली, "विहीणबाई, तुमी बी चला की!"

झालं! सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून टेम्पोत.

वर्ग भरला. समितीतल्या मॅडमनी पहिल्या बाकावरच्या आईला विचारलं, "कितव्या वर्षाला तुम्ही?"

आईनं वळून दादाकडं बघितलं. मागून दादा ओरडला, "समदी शेवटच्याच वर्षाला हायती, म्याडम!" (वयं बघून मॅडमना ते पटलं असावं.)

मॅडम बाहेर पडल्या तशी मी सगळ्यांना मागच्या व्हरांड्यातून लॅबमध्ये पिटाळलं. शबानाला शब्द दिला होता ना! मॅडम आत येतात तो तीच माणसं, तेच पटके, तोच कांद्याचा वास.

"तुम्ही आत्ताच शेजारी होता ना?"

"दोन्ही इषय घेतल्यात," दादा म्हणाला. "होतकरू हायती."

मॅडमनी लोलकाकडं बोट केलं. "मग हे काय आहे, सांगा बरं."

"गोफन हाय," सासूबाई म्हणाल्या. "पर लई बारीक."

आणि दादानं ती चालवून दाखवली! पितळी गोळा खिडकीची काच फोडून थेट प्राचार्यांच्या स्कूटरवर.

"कुणाची कल्पना ही?" मॅडमनी विचारलं. सगळं माहेर एकदम माझ्याकडं बघायला लागलं. (रक्ताची माणसं!)

मला खोटं सुचेना. "मॅडम, वर्ग बंद झाला तर मी बोलू कुणाशी? घरात माझ्याशी कुणी बोलतच नाही..." बोलून गेले आणि मग ध्यानात आलं, ते घर लोलकासमोरच बसलंय.

दोन्ही विषय बंद झाले. परीक्षा मी बाहेरून दिली. शबाना पुण्याला मामूकडं शिकायला गेली ती गेलीच. आजही पहाटे घड्याळाचा गजर दाबताना ती आठवते, आणि मग झोप लागत नाही.

त्या संध्याकाळी टेम्पो राहूला गेला आणि घर पुन्हा गप्प झालं. मी मान खाली घालून ओट्यापाशी उभी. आता माहेरी धाडतात की काय! सासूबाईंनी दोन कप चहा गाळला, एक माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "आगं, मला वाटायचं, सून कालेजात जाती, लई हुशार आसंल, आपल्यासारख्या अडान्याशी काय बोलंल? म्हनून मी गप ऱ्हायची. आज बघितलं, तू तर माझ्यापरीस येडी हायेस. बस हितं."