मी चेष्टा करत नाहीये

जबलपूरला एम.ए.ला दोन जुन्या इंग्रजी कवितांची तुलना होती. एकीतला प्रियकर फुलं, मेंढरं, नदीकाठ देऊ करून तिला सावकाश बोलावतो. दुसरीतला तारुण्य सरतंय म्हणून घाई करतो. शेजारी बसणाऱ्या, तिथेच वाढलेल्या मराठी मुलीवर मी दोन्ही तऱ्हा वापरून पाहिल्या. आधी कमानिया गेटजवळची खव्याची जिलेबी देऊ केली. मग म्हणालो, "वय निघून चाललंय." ती म्हणाली, "तुझं."

शेवटी कवी बाजूला ठेवून फोनवर लिहिलं, 'लग्नाचं विचारतोय. मी चेष्टा करत नाहीये.'

तिसऱ्या दिवशी वर्गाबाहेर तिने गाठलं.

"तू चेष्टाच करून नाही राहिला, तर मी हो काहून म्हणू? कवितेतल्या त्या दोघांनी कोशिश तर केली."

तेव्हा उजेड पडला. माझ्या नागपूरच्या घरात चेष्टा म्हणजे थट्टा, तिच्या हिंदी शाळेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी घाईघाईने समजावलं.

"अच्छा, म्हणजे इतके दिवस तू प्रयत्न करत होतास?" ती म्हणाली. "मला वाटलं, थट्टाच आहे. चलो, आधी जिलेबी."

जिलेबी संपल्यावर ती हो म्हणाली. कवितांच्या पेपरात मात्र मी काठावर पास झालो.