आईच्या नावची नानकटाई

नाशिकच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे. आज मुलांनी वाचनालयात घरच्या पाककृती लिहून आणल्या, सोबत पदार्थांचे डबेही. एका मुलीनं ठेच्याचा डबा उघडला आणि मला माझी शाळा आठवली.

तेव्हा मी लासलगावला सातवीत होते. वाचनालयाच्या वहीत आईची पाककृती लिहायची होती. आईनं ठेचा सांगितला, "मीठ अंदाजानं."

बाईंनी विचारलं, "अंदाज म्हणजे किती चमचे गं?" वर्ग हसला. मी पान फाडलं, मासिकातली नानकटाई उतरवली, खाली आईचं नाव घातलं.

पालकसभेला ती वही मांडली होती; मी दाखवलेल्या तिच्या नावावरून आईनं बोट फिरवलं. "वर ठेचाच लिवलाय ना?"

"हो."

"मिठाचं नीट लिव. नायतर खारट करतील बाया."

घरातली पहिली पदवीधर मी, हे अभिमानानं सांगते. पण आईला वाचता येत नाही, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.