पितृपक्षातलं घर

राजन खांडेकर हिशेबाचा पक्का माणूस. आखातातल्या मनामा शहरात एका शिपिंग कंपनीची खाती त्याने वर्षानुवर्षं चोख सांभाळली. पण गेला आठवडाभर त्याचं कशात लक्ष लागत नव्हतं, आणि कारण सांगावं तर ऑफिसातले हसले असते. मनासारखं घर मिळालं होतं, पैसे तयार होते आणि पितृपक्ष चालू होता.

घर होतं दक्षिण स्पेनमध्ये. मुलगा गौरव तिकडे मालागाला नोकरीत. पुढच्या वर्षी राजनची नोकरी संपली की व्हिसा संपणार, मनामाजवळच्या रिफातला भाड्याचा फ्लॅट सुटणार. म्हणून एप्रिलमध्ये नवराबायको जाऊन तो सगळा मुलूख पालथा घालून आले. किनाऱ्यावर टॉवरच टॉवर आणि पर्यटकांची जत्रा. मागे सरकलं की गोल्फची मैदानं, कुलूपबंद बंगले. आणखी वर, बदाम-ऑलिव्हच्या उतारावर, चुना फासलेली पांढरी गावं. तिथल्या एका घराच्या गच्चीवर सुरेखा उभी राहिली, खाली समुद्र दिसला आणि बाई बोलायची थांबली. सुरेखा गप्प होते म्हणजे काय, हे राजनलाच ठाऊक.

मालक तेव्हा विकायला तयार नव्हता. तयार झाला तो नेमका आता. रिफाजवळच्या सनद भागात राहणारा राहील नावाचा एजंट, मूळचा चिपळूणचा, त्याने कळवलं की गुरुवारी संध्याकाळपर्यंत बुकिंगची रक्कम भरा, एक बेल्जियन जोडपं टपून बसलंय. राजनने घटस्थापनेपर्यंत मुदत मागितली. राहीलने बिचाऱ्याने मालकाला ती कशी समजावली देव जाणे, पण मालक बधला नाही.

राजन काही देवभोळा नव्हे. पण त्याच्या वडिलांनी खेडला एका प्लॉटचा विसार असाच पितृपक्षात दिला होता, आणि दिवाळीच्या आत ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, आई म्हणाली प्लॉट. शाळकरी राजनने आईचं ऐकलं होतं.

सुरेखाला हे सगळं माहीत होतं. नशिबात असेल तर मिळेल, एवढंच म्हणून ती आपल्या शिकवण्यांना लागली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

गुरुवारी डबा तसाच राहिला. दुपार कलली तसा तो उठून गाडीत जाऊन बसला. स्टिअरिंगचे चटके बसत होते. बँकेचं अ‍ॅप उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याला भीती वाटत होती, सरळसरळ मरणाची भीती. आणि गच्चीवरची ती गप्प सुरेखाही डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि राहीलला फोन लावला.

"आत्ता भरतो," तो म्हणाला. "पण सुरेखाला कळता कामा नये. तिला मी घटस्थापनेनंतर सांगेन."

फोनवर राहीलने नुसता घसा खाकरला. गेलं का घर, राजनने विचारलं.

"घर कुठे जात नाही, राजनभाऊ," राहील म्हणाला. "वहिनींनी कालच भरले. शिकवण्यांचे साठवलेले. बुकिंग त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

राजनला आधी सुटल्यासारखं झालं, मग राग आला. एकटीच्या नावावर कशासाठी, त्याने विचारलं.

राहील अडखळला. "मीही तेच विचारलं. म्हणाल्या, यांच्या हातून नको. काही वाईट व्हायचंच असेल तर माझं होऊ दे."

रिफापर्यंत गाडी कशी आणली, राजनला कळलं नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून त्याने बेल दाबली आणि दार उघडेपर्यंत दाबूनच ठेवली. एवढ्या लवकर कसे, सुरेखाने विचारलं. घराचा विषय त्याने काढलाच नाही.

"तुला बरं वाटतंय ना?" तो म्हणाला.