सातवं कोकरू

असाहेल थ्रॉल थडग्यांचे दगड घडवायचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या हिवाळ्यात कुदळ गोठलेल्या जमिनीत शिरत नाही. गेलेली माणसं मे महिन्यापर्यंत गावाच्या दगडी कोठीत थांबतात आणि पाथरवट तेवढ्यात पुढचे दगड करून ठेवतो. त्यात गैर काय? सगळेच करतात. लेकरांच्या दगडावर निजलेलं कोकरू असतं. वर्षाला अशी दोनच लागायची, पण त्या एका हिवाळ्यात असाहेलनं सात कोरली. का म्हणाल, तर हात चालला, बस्स!

त्याच हिवाळ्यात शाळेत घटसर्प शिरला. मे उजाडेपर्यंत सातही कोकरांखाली नावं आली होती. सातवं त्याच्या स्वतःच्या लेकीचं, फिलीनाचं.

"अहो, दगड का कुठे पोरं मागतात?" बायको, लोविना, सांगून थकली. त्याला पटलं नाही ते नाहीच. त्यानंतर त्यानं एकही कोकरू आगाऊ कोरलं नाही, पण हातोडी खाली ठेवली तरी ठोके ऐकू यायचे. जेवताना, चर्चमध्ये, भर दुपारी रस्त्यात.

पुढे गावानं त्याला विधानसभेत धाडलं. तिथे त्याला एकच हवं होतं: साथ आली की शाळा बंद, असा कायदा. चर्चेच्या दिवशी तो बोलायला उठला. तेवढ्यात शेजारच्या गावचा प्रतिनिधी रुएल पेटिंगिल ओरडला. त्याच्या जिभेला हाडच नव्हतं.

"अरे थ्रॉल, तुला कशाला हवा कायदा? तुझे दगड तर आधीच तयार असतात!"

सगळे खो खो हसले. असाहेलच्या कानात ठोके सुरू झाले. तोंडातून शब्द फुटेना. बोल ना रे बाबा! पण नाही, खाली बसला. कायदा चार मतांनी पडला.

पुढच्या फेब्रुवारीत रुएल त्याच्या कामाच्या छपरीत येऊन उभा राहिला. टोपी हातात, दाढी वाढलेली.

"आमची टर्झा गेली रे. शाळेतूनच घेऊन आली दुखणं. कोकरू आहे का तयार?"

"नाही. मी आधी करून ठेवत नाही."

रुएल मटकन बाकावर बसला. "मी गाढव, बरळलो. पण शाळेतून साथ कशी पसरते, ते तुला तर ठाऊक होतं ना? मग तू का नाही बोललास?"

असाहेलचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत. पांढरा दगड पुढे ओढला आणि छिन्नी लावली. या खेपेचे ठोके दोघांनाही ऐकू येत होते.